दहावीत राहिले, म्हणून शाळा संपली काय?

दहावीचा निकाल लागला की गडचांदूर, नांदा, आवारपूरकडच्या आपल्या वस्त्यांत पेढे वाटले जातात. गुणवंतांचे फोटो छापून येतात आणि ते यावेतच. पण ज्या घरी पेढे आले नाहीत, तेथे त्याच आठवड्यात निर्णय होऊन जातो. मुलगा सिमेंट कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली लागतो, मुलीला स्थळे पाहणे सुरू होते. अशाच एका घरी आई म्हणाली, "गणित राह्यलं ना भाऊ, आता लगन लावून देतो." गुणपत्रिका पाहिली तर बाकी सर्व विषयांत मुलगी पास! तिला अकरावीत बसता येते, हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. शेकडा अडतीससुद्धा नाहीत. तरी समाजाने सभा भरवून सत्कार केला आणि केळुसकर गुरुजींनी त्यांना बुद्धचरित्र भेट दिले. आजच्या एखाद्या पालकाने मात्र तोंड वाकडे केले असते.

पालकांनी लक्षात घ्यावे की एक किंवा दोन विषय राहिले तरी ए.टी.के.टी.ने अकरावीत प्रवेश मिळतो; राहिलेले विषय मग सोडवावे लागतात. पूर्वी फेरपरीक्षेसाठी ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागे आणि वर्ष हातचे जाई. २०१५ पासून ती पावसाळ्याच्या तोंडाशीच होते. तिचा फॉर्म शाळेतूनच भरायचा असतो, पण निकालानंतर दिवस फार थोडे मिळतात. रडण्यात आणि रागावण्यात ते घालवू नयेत.

शाळा सुटून दोन-चार वर्षे झालेल्यांसाठी १७ नंबरचा फॉर्म आहे. बाहेरून बसून मंडळाचीच परीक्षा देता येते. मात्र नोंदणी आदल्या वर्षीच करावी लागते. परीक्षा तोंडावर आल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

आपल्या जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात. तो हंगाम आणि मंडळाची परीक्षा नेमकी एकाच वेळी येते. मुले आईबापासोबत जातात, आणि हजेरीपटावर "गैरहजर" हा एकच शब्द उरतो. अशा मुलांसाठी केंद्र सरकारची मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, १९८९ साली सुरू झालेली. वय १४ पूर्ण हवे. पाच विषय घ्यायचे, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि सुटलेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. एकेक, दोन-दोन विषय करीत दहावी काढता येते. मराठीतही देता येते. याची माहिती आपल्या विहारात लावलेली मी अजून पाहिली नाही. वर्षावासाच्या कार्यक्रमात बुद्धवंदनेनंतर दहा मिनिटे यासाठी काढायला काय हरकत आहे?

आय.टी.आय.कडे नाक मुरडणारे पालकही आहेत. सिमेंटची पोती उचलणाऱ्याची आणि त्याच कारखान्यात इलेक्ट्रिशियन किंवा फिटर असणाऱ्याची मजुरी सारखी नसते, हे या भागात कोणाला सांगायला हवे काय? दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला पुढे पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो.

आता कागदपत्रे. खरे रडगाणे येथेच असते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला किंवा कोतवाल बुकाची नक्कल शोधायला महिने लागतात. हे काम मुलगा नववीत असतानाच सुरू करावे. दाखला, पडताळणी आणि उत्पन्नाचा कागद हाती असेल तर शिष्यवृत्ती, समाजकल्याणचे वसतिगृह, आणि वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वाधार योजना, या तिन्हींसाठी अर्ज करता येतो. स्वाधारला गुणांची अट आहे, ती आधी विचारून घ्यावी. उत्पन्नाचा दाखला मुदतीतला लागतो. जुना जोडला की अर्ज परत येतो.