मेलबर्नचे वार्तापत्र : ताईची वही, कायद्याचे कुलूप

दिव्यांग माणसाच्या घरी जाऊन त्याला आंघोळ घालणे, औषध देणे, बँकेत नेणे ही कामे करणाऱ्यांना ऑस्ट्रेलियात 'सपोर्ट वर्कर' म्हणतात. या कामात घरातले सगळे दिसते, म्हणून बोलण्यावर बंधनही मोठे. १९८८ चा प्रायव्हसी ॲक्ट आणि त्यातली १३ तत्त्वे सांगतात की माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला वापरावी. २०१३ च्या कायद्याने आलेल्या एनडीआयएस या दिव्यांग विमा योजनेची आचारसंहिताही गोपनीयता जपायला बजावते.

कामाची पाळी संपली की नोंद लिहायची : 'जेवण अर्धे टाकले. डाव्या दंडावर काळानिळा डाग.' डोळ्यांनी दिसले तेवढेच. पण छळाचा संशय आला की गप्प राहणे हाच गुन्हा ठरू शकतो. सपोर्ट वर्कर आपल्या संस्थेला सांगतो आणि नोंदणीकृत संस्थेने २४ तासांत एनडीआयएसवर देखरेख करणाऱ्या आयोगाला कळवायचे असते. मेलबर्न ज्या व्हिक्टोरिया राज्यात आहे, तिथे १६ वर्षांखालील मुलावर प्रौढाने लैंगिक अत्याचार केल्याचे कळूनही पोलिसांना न सांगणाऱ्या कोणत्याही प्रौढाला २०१४ पासून ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

इकडे पुणे जिल्ह्यातल्या शिरूर-दौंडच्या गावांत घरोघरी जाऊन नोंदी ठेवण्याचे काम आशाताई आणि अंगणवाडीताईंकडे येते. मेलबर्नचा सपोर्ट वर्कर बहुधा परका असतो. आशाताई त्याच गावची असते. सुनेच्या गर्भपाताची नोंद तिच्या वहीत आणि सासू तिच्याच भजनी मंडळात. या ताईंवरचा ताण सहज दिसत नाही.

गावात गुपित बहुधा मदतीच्या घाईत फुटते. पेन्शन अडली की दिव्यांग प्रमाणपत्राचा फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो. त्यावर मुलीचे नाव, चेहरा, अपंगत्वाची टक्केवारी. मुलीला कुणी विचारलेले नसते.

भारतात नियम विखुरलेले आहेत. एचआयव्ही कायद्याचे (२०१७) कलम ८ विश्वासाने कळलेली बाधा लेखी संमतीशिवाय उघड करू देत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे (२०१७) कलम २३ उपचार करणाऱ्यांना बांधते. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराबाबत पोक्सो (२०१२) कडक आहे : कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे सक्तीचे, न कळवल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

प्रौढ दिव्यांगांबाबत मात्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ७ सौम्य आहे. छळाची खबर कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कुणीही 'देऊ शकते', द्यायलाच हवी असे नाही. ही मोठी उणीव आहे. शिरूर किंवा दौंडमध्ये अशी खबर तहसीलदाराकडे देता येते. शेजाऱ्याने दिली तरी चालते.