दुकानाची फाइल कोणत्या वाटेने पाठवावी?

यंत्रमागाच्या कारखान्यात डिझाइनच्या फाइली येतात, छापखान्यात मजकूर येतो, निर्यातदाराची बिले परगावी जातात. आपल्या बऱ्याच व्यापारी बांधवांचा हिशेबही आता भाड्याच्या सर्व्हरवर असतो. संगणक बसवणारा ‘एफटीपी चालू करून दिले’ म्हणतो आणि निघून जातो. ही वाट उघडी की बंद, हे आपण विचारत नाही.

एफटीपीचा पहिला मसुदा १९७१ साली अभय भूषण यांनी लिहिला. आयआयटी कानपूरचे हे भारतीय अभियंते तेव्हा अमेरिकेत एमआयटीत होते. त्या वेळी जाळ्यावर मोजकी विद्यापीठे आणि संशोधन संस्था होत्या. सगळे ओळखीचे, मग कुलूप कोण लावतो? दूरचा संगणक चालवण्याची टेलनेट ही रीतही त्याच काळातली. दोन्हींत नाव, पासवर्ड व मजकूर उघडा जातो. पोस्टकार्डावर तिजोरीचा आकडा लिहावा तसाच हा प्रकार. वाटेत कोणी टिपून घेतला तर धन्याला पत्ताही लागत नाही.

१९९५ साली हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठाच्या जाळ्यावर असेच पासवर्ड टिपले गेले. तेथील संशोधक तातू इलोनेन यांनी त्यावर एसएसएच तयार केले. यात दोन्ही संगणक आधी एक गुप्त किल्ली ठरवतात आणि पासवर्ड तिच्या आडून जातो. पहिल्या जोडणीच्या वेळी पडद्यावर अक्षरे-आकड्यांची एक ओळ येते व ‘हाच सर्व्हर का?’ असे विचारले जाते. आपण न वाचताच ‘हो’ म्हणतो. ती ओळ सर्व्हरवाल्याला फोन करून ताडून पाहावी. समोर भलताच संगणक बसला असेल, तर आपण कुलूप लावून माल चोराच्याच हाती देतो!

एसएफटीपी आणि एफटीपीएस ही नावे जुळ्या भावांसारखी. पण घराणी वेगळी. एसएफटीपी एसएसएचच्या आतून, एकाच २२ क्रमांकाच्या दारातून चालते. एफटीपीएस म्हणजे जुन्या एफटीपीवर चढवलेले टीएलएसचे आवरण. त्यात फाइलीसाठी वेगळी जोडणी लागते, म्हणून फायरवॉलमध्ये जास्त दारे उघडावी लागतात आणि अडचणीही येतात. निवड आपल्या हाती असेल तर आम्ही एसएफटीपी घ्या म्हणू. परदेशी गिऱ्हाईक एफटीपीएसचाच आग्रह धरत असेल तर तेही चालेल. मात्र प्रमाणपत्राची तक्रार पडद्यावर आली की ती डावलू नये. साध्या एफटीपीला तर क्रोम व फायरफॉक्स यांनीही २०२१ मध्ये रजा दिली.

हिशेबासाठी विंडोजचे रिमोट डेस्कटॉप वापरणाऱ्यांनी त्याचे ३३८९ क्रमांकाचे दार इंटरनेटवर थेट उघडे ठेवू नये. पासवर्ड ओळखून आत शिरायचे, वह्या कुलूपबंद करायच्या आणि खंडणी मागायची, हा धंदा याच दाराने चालतो. आधी व्हीपीएन, मग रिमोट डेस्कटॉप.

वाट बदलली तरी जुना पासवर्ड ठेवू नका. तो आजवर उघडाच फिरला आहे. आणि नवी वाट सुरू झाली की एफटीपी व टेलनेट बंद केले का, हे संगणकवाल्याला दुकानात असतानाच विचारा.