मज्जातंतूंची सोनोग्राफी आणि आनुवंशिक अमिलॉइड व्याधी

पोर्तुगालच्या उत्तर किनाऱ्यावर, पोव्हुआ द व्हार्झिमच्या परिसरातील कोळी कुटुंबांत पायांच्या बधिरतेपासून आरंभ होऊन हळूहळू सर्व शरीर क्षीण करणारी जी व्याधी पिढ्यान्‌पिढ्या आढळे, तिचे शास्त्रीय वर्णन पोर्तो येथील डॉक्टर कोरिनो आंद्राद यांनी १९५२ साली प्रसिद्ध केले. मुख्यतः यकृतात निर्माण होणारे ट्रान्सथायरेटिन हे प्रथिन जनुकदोषामुळे अस्थिर होते आणि त्याचे तंतुमय अवशेष, म्हणजे अमिलॉइड, मज्जातंतूंत व हृदयात साचत जातात. या व्याधीचा माग ठेवण्यासाठी अलीकडे मज्जातंतूंची सोनोग्राफी होऊ लागली आहे; तिच्याविषयीच्या काही समजुतींचा खुलासा अगत्याचा वाटतो.

सोनोग्राफीत अमिलॉइड प्रत्यक्ष दिसते, ही समजूत निराधार आहे. तिच्यात दिसतो तो मज्जातंतूचा आकार, त्याच्या आडव्या छेदाचे चौरस मिलिमीटरांतील क्षेत्रफळ आणि आतील गुच्छांची ठेवण. मज्जातंतू जाड दिसला, तरी तो कशामुळे जाड झाला याची ग्वाही ती देऊ शकत नाही. दाहजन्य विकारांतही मज्जातंतू जाड होतात, बहुधा अधिकच होतात, आणि ही व्याधी त्याच विकारांत चुकून गणली जाऊन रोग्याची वर्षे वाया जातात, म्हणून निदानाचा निवाडा जनुकीय चाचणी व ऊतीची तपासणी यांनीच करावयाचा असतो.

जितकी जाडी तितका रोग, हेही खरे नाही. बधिरता पावलांत असताना वाढलेली जाडी दंडात, शरीराच्या मध्याकडील भागात सापडू शकते. मनगटातील जाडी तर तेथे दबलेल्या मज्जातंतूचीही असू शकते. एका दिवसाच्या एका आकड्याला त्यामुळे फारशी किंमत नाही. तीच जागा, तीच पद्धत आणि शक्य तर तोच तपासनीस ठेवून वर्षानुवर्षे केलेल्या नोंदींतच या तपासणीचे खरे मोल आहे. मज्जातंतूंची विद्युत्-तपासणी त्यांचे कार्य मोजते, सोनोग्राफी त्यांची रचना. एकीमुळे दुसरी अनावश्यक ठरत नाही. प्रारंभी झिजणारे सूक्ष्म तंतू दोहोंच्याही नजरेतून सुटतात, तेव्हा पायांची आग होत असताना निर्दोष अहवालावर विसंबणे धोक्याचे आहे.

इलाजच नाही, मग माग कशासाठी, हा प्रश्न आज कालबाह्य झाला आहे. १९९० साली स्वीडनमध्ये या व्याधीसाठी यकृतरोपण झाले, २०११ साली युरोपात टाफामिडिस हे औषध आले, २०१८ साली ट्रान्सथायरेटिनची निर्मितीच रोखणारी औषधे मान्य झाली. ही औषधे रोगाची गती मंदावतात, परंतु गमावलेले तंतू सहसा परत मिळत नाहीत. घराण्यात ही व्याधी असेल त्यांनी, दोष वाहणारा प्रत्येक जण आजारी पडतोच असे नाही हे ध्यानी घेऊन, पण लक्षणांची वाट न पाहता, मज्जासंस्थेच्या तज्ज्ञाकडे जाऊन पहिली मापे दप्तरी नोंदवून ठेवावीत.