आठवडा ढकलणारी भाजी

नैरोबीत मराठी माणसाला आधी भेटतात ते ओळखीचे शब्द. स्वाहिलीत पैशाला ‘पेसा’ म्हणतात, मोटारीला ‘गारी’ आणि चपाती ती चपातीच. १९२० पर्यंत तिथे रुपया चालत होता, हे कळले की नवल ओसरते.

उभा जन्म बँकेत गेल्यामुळे माझी नजर मात्र कोपऱ्यावरच्या भाजीवालीवर खिळली. तिला ‘मामा म्बोगा’ म्हणतात. इथे मामा म्हणजे आई! तिच्याकडच्या स्वस्त पालेभाजीचे नाव ‘सुकुमा विकी’, म्हणजे आठवडा ढकला. महिनाअखेर पाहिलेल्या कोणत्याही गृहिणीला हे नाव समजावून सांगावे लागणार नाही. जुडी हातात धरून ती बारीक चिरूनही देते आणि पैसे घेते फोनवर. २००७ साली सुरू झालेल्या ‘एम-पेसा’ला बँकेतले खाते लागत नाही, साधा फोन पुरतो. शहरातल्या टपरीवर रोख भरायची, गावाकडे आईने तिथल्या टपरीतून घ्यायची. मुंबईच्या गिरणगावातून कोकणात जाणारी मनीऑर्डर आठवावी, तसेच.

शिवाय बायकांची ‘चामा’ असते, म्हणजे आपली भिशीच. ठरलेली रक्कम सगळ्यांनी भरायची, पाळीपाळीने एकीने उचलायची. आमच्या कर्जाच्या अर्जात तारणाचा रकाना असे. इथे तो कसा भरणार? उद्या पुन्हा याच कोपऱ्यावर, याच बायकांना तोंड दाखवायचे आहे, हेच तारण.