स्क्रिप्ट, कॉपीलेफ्ट आज्ञावली आणि परवान्याची बंधने

हर्सूल परिसरातील एखाद्या महाविद्यालयाने दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी मराठी पाठ वाचून दाखविणारी छोटी पायथन स्क्रिप्ट तयार केली, असे समजू. प्रत्यक्ष उच्चारणाचे काम ‘ईस्पीक एनजी’ ही आज्ञावली करते. ती मराठी वाचू शकते आणि तिला जीपीएल परवान्याची तिसरी आवृत्ती (२००७) लागू आहे. मग हा परवाना स्क्रिप्टलाही लागू होतो काय? केवळ या शंकेपोटी असे उपयुक्त काम विभागातच पडून राहू शकते.

जीपीएलखालील आज्ञावली नुसती चालविण्यासाठी परवाना स्वीकारण्याचीही आवश्यकता नसते. बंधने निर्माण होतात ती तिची प्रत दुसऱ्याच्या हाती देताना.

फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते, कमांड लाइन वा पाइप यांद्वारे परस्परांशी व्यवहार करणाऱ्या आज्ञावली सामान्यतः स्वतंत्र असतात. स्क्रिप्टने मजकुराची फाइल ईस्पीककडे सोपवून ध्वनीची फाइल परत घेतली, तर स्क्रिप्टचा परवाना ठरविण्याचा अधिकार तिच्या कर्त्याकडेच राहतो. परंतु ईस्पीकची लायब्ररी आपल्याच प्रक्रियेत जोडून घेतली, तर दोहोंची मिळून एक कृती होते आणि ती वितरित करताना जीपीएलच्या अटी संपूर्ण कृतीस लागू होतात.

हे मत म्हणजे न्यायनिर्णय नव्हे. भारताच्या कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार संगणक आज्ञावली ही ‘साहित्यकृती’ आहे. १९९४ च्या दुरुस्तीने, पुनर्रचना किंवा फेरबदल करून केलेला कृतीचा वापरही ‘रूपांतर’ या संज्ञेत आला. बाहेरून आज्ञा देण्यास पुनर्रचना म्हणणे कठीण आहे; जोडलेल्या लायब्ररीबाबत मात्र वादास जागा उरते.

प्रत्यक्षात चूक होते ती दुसरीकडेच. स्क्रिप्टसोबत ईस्पीकही पेन ड्राइव्हवर भरून दिले, की महाविद्यालय त्या आज्ञावलीचे वितरक ठरते. अशा वेळी परवान्याची प्रत द्यावी लागते. शिवाय त्याच आवृत्तीचा मूळ स्रोत सोबत द्यावा लागतो, किंवा तो पुरविण्याचे किमान तीन वर्षे वैध असे लेखी आश्वासन द्यावे लागते. ‘इंटरनेटवर मिळेल’ एवढे मोघम सांगून भागत नाही. स्रोत त्याच पेन ड्राइव्हवर ठेवणे सर्वांत सोपे. एकाच माध्यमावर शेजारी ठेवल्याने स्क्रिप्ट जीपीएलखाली येत नाही, हे परवान्याच्या पाचव्या कलमातच नमूद आहे.

ईस्पीक स्वतः उतरवून घेण्याची सूचना देऊन केवळ स्क्रिप्ट दिल्यास या अटी महाविद्यालयावर येत नाहीत. तथापि इंटरनेटची जोडणी भरवशाची नसलेल्या विद्यार्थ्यासाठी पेन ड्राइव्हच अधिक सोयीचा.