पायाला कळतं, पण वळत नाही

तूर सोंगून नेल्यावर मालेगाव-रिसोडकडच्या शेतातून अनवाणी कुणी जात नाही. तिरप्या कापाची वीतभर धसकटं उभी असतात, जुन्या चपलेचा तळ सहज फोडणारी. चुकून पाय पडलाच, तर पाय आधी वर येतो आणि ‘आई गं’ मागून. पाय उचलायचा हुकूम मेरुरज्जूच परस्पर देऊन टाकतो; मेंदूला खबर नंतर लागते.

तीही एका वाटेनं जात नाही. टोचल्याचा स्पर्श सेकंदाला ५० मीटरच्या आसपास धावतो, तर मागून येणारा ठणका जेमतेम १ मीटर. उजव्या पायाची कळ मेरुरज्जूत शिरल्यावर लगेच डावीकडे ओलांडते आणि तिकडून वर चढते. स्पर्श मात्र उजवीकडूनच थेट मेंदूच्या बुडाशी, लंबमज्जेपर्यंत जातो. अंगठ्यापासून तिथवर एकच चेतापेशी! उंच माणसात तिची लांबी दीड मीटरच्या घरात जाते.

हालचालीचे हुकूम उलट दिशेनं उतरतात. त्यांचे बहुतेक तंतू लंबमज्जेत बाजू बदलतात आणि मेरुरज्जूतून पायाच्या चेतापेशींपर्यंत पोचतात. म्हणून मेरुरज्जूची उजवी अर्धी बाजू कापली गेली, तर उजवा पाय लुळा पडतो आणि डाव्या पायाला काटा कळेनासा होतो. एकोणिसाव्या शतकात ब्राउन-सेकार या डॉक्टरनं हे मांडलं, तेव्हा अनेकांना ते कोडंच वाटलं असणार.

वाटा वेगळ्या असल्याचा पुरावा विदर्भाच्या पूर्व टोकाला शेतातच उगवतो. भंडारा-गोंदियाकडे धान उभं असतानाच बांधीत लाखोरी फेकतात. तिला ना पाणी लागतं, ना फारशी मशागत. दुष्काळात बाकी सगळं करपतं, ही टिकते. तिची डाळ दिसायला तुरीसारखी, त्यामुळे तुरीच्या डाळीत भेसळीलाही सोयीची. अधूनमधून खाल्ली तर सहसा बिघडत नाही. पण दोन-तीन महिने तीच मुख्य अन्न झाली, की तिच्यातलं ओडॅप हे विष हुकूम उतरवणाऱ्या तंतूंवर घाव घालतं, त्यातही पायांकडे जाणाऱ्या लांब तंतूंवर. पाय ताठरतात, टाचा टेकत नाहीत, गुडघे एकमेकांवर घासत कात्रीसारखी चाल होते. संवेदना मात्र बहुधा शाबूत असते. अशा माणसाला धसकट टोचल्याचं नीट कळतं, पाय हवा तसा वळत नाही.

आयुर्वेदात याला कलायखंज म्हणतात. डॉक्टर रुग्णांची प्रतवारी काठ्या मोजून करत: बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा आणि शेवटी रांगणारा. मध्य प्रदेशात रीवाकडे सालदारांना मजुरीच लाखोरीच्या रूपात मिळायची, तेव्हा रोग डाळीचा म्हणावा की मजुरीचा, हा प्रश्नच आहे. १९६१ साली विक्रीवर बंदी आली. पुढे महाराष्ट्रानं ती उठवली.

याच्या उलट गोष्ट कुष्ठरोगाची. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारलं ते या रुग्णांसाठी. या रोगात मेरुरज्जूला धक्का नसतो. हातापायांच्या नसा जातात, आणि बरेचदा आधी संवेदना. पाय चालतो, पण काटा कळत नाही. जखम चिघळून वास आल्यावर लक्षात येतं. म्हणून अशा पायांसाठी मऊ रबराची एमसीआर चप्पल बनवतात. तिचा खालचा तळ जाड असतो आणि पट्टे शिवून किंवा चिकटवून बसवतात. खिळा वापरत नाहीत: तो वर आला, तरी पायाला पत्ता लागणार नाही.