मोबाईलचा भूकंप-इशारा आणि आपल्या भिंती

मोबाईल फोन भूकंपाची खबर आधीच देतो, हे खरे काय, असा सवाल हल्ली आमच्या व्यापारी बांधवांत वारंवार निघतो. दुसऱ्या मुलखात हा सवाल गंमतीचा असेल. किल्लारी, औसा, उमरगा या पट्ट्यात तो गंमतीने कोणी विचारत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजायला चार मिनिटे होती, फजरच्या अजानला अजून वेळ होता आणि सारा गाव झोपेत होता. काही सेकंदांत हजारो माणसे आपल्याच घराच्या दगडमातीखाली गेली. नांदेड-हिंगोलीकडील मंडळींनाही अलीकडे अनुभव आहे. २१ मार्च २०२४ च्या सकाळी आणि पुन्हा १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ क्षमतेचे धक्के बसले व ते नांदेड, परभणीपर्यंत जाणवले. म्हणून या नव्या सोयीचा हिशोब नीट समजून घेतलेला बरा.

प्रथम एक गैरसमज दूर करू. भूकंप कधी होणार हे आधी सांगणारे यंत्र जगात कोठेही नाही. फोन सांगतो ते एवढेच की भूकंप सुरू झाला आहे आणि तुमच्याकडे निघाला आहे. आमच्या धंद्यातला दाखला द्यायचा तर, भिवंडीहून माल निघाला की ट्रकच्या आधी आडत्याचा फोन येतो, तसेच हे. जमिनीत खडक सरकला की दोन तऱ्हेच्या लहरी निघतात. पहिली हलकी आणि वेगवान, सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर जाणारी. दुसरी तिच्या मागून, सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास. भिंती पाडते ती मुख्यतः ही दुसरी. वायरलेसने जाणारा निरोप मात्र क्षणात पोहोचतो. या फरकातूनच चार-दहा सेकंद हाती लागतात.

आता फोनला हे कळते कसे? फोन आडवा धरला की पडद्यावरील चित्रही आडवे होते, हे सर्वांनी पाहिले आहे. ते काम आतील एक बारीक चकती करते. तिला हालचाल समजते. फोन चार्जिंगला लावून स्वस्थ पडलेला असला की हीच चकती जमिनीची थरथर ओळखते आणि गुगल कंपनीच्या संगणकाला कळवते. एका फोनवर कोणी विश्वास ठेवत नाही, कारण टेबलाला धक्का लागला तरी तो हलेल. पण एकाच भागातील पुष्कळ फोन एकदम थरथरले की संगणक भूकंप ठरवतो आणि आसपासच्या फोनवर इशारा धाडतो. हलका धक्का असेल तर साधी सूचना येते; जोराचा असेल तर फोन मुका ठेवलेला असला तरी मोठ्याने वाजतो. भारतात ही सोय सप्टेंबर २०२३ मध्ये, म्हणजे किल्लारीच्या भूकंपाला तीस वर्षे भरत असतानाच सुरू झाली.

आता खरा हिशोब. पहाटे चारला बहुतेक फोन चार्जिंगलाच असतात, तेव्हा १९९३ सारखी वेळ आली तर यंत्रणेला खबर लागेल. पण किल्लारीचा भूकंप जमिनीखाली फार खोल नव्हता. धक्का थेट गावाच्या पायाखालून आला. संगणकाचा निर्णय होण्याआधीच तेथील भिंती हलू लागतील. लातूर तेथून सरळ रेषेत सुमारे चाळीस किलोमीटर, म्हणजे दुसरी लहर अकरा सेकंदांत पोहोचणार. त्यातून निर्णयाचा वेळ वजा केला तर मोजकेच सेकंद उरतात. सोलापूरला वीसेक सेकंद, नांदेडला चाळीसच्या घरात, पण तेथे धक्काही तेवढा सौम्य. ज्याला इशाऱ्याची सर्वांत जास्त गरज, त्यालाच तो मिळत नाही. शिवाय यंत्र चुकतेही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानच्या ७.८ क्षमतेच्या भूकंपात या यंत्रणेने जोर फारच कमी मोजला आणि मोठ्याने वाजणारा इशारा केवळ ४६९ फोनना गेला, असे कंपनीनेच २०२५ मध्ये मान्य केले. लाखो लोकांना तो मिळायला हवा होता.

म्हणून आमचे मत असे की फोन चालू ठेवावाच, पण आधी भिंत पाहावी. किल्लारीत माणसे जमिनीने मारली नाहीत, घरांनी मारली. दोन-दोन फूट जाडीच्या त्या भिंती बाहेरून मजबूत दिसत. आत मात्र दोन बाजूंनी दगड रचलेले, मध्ये खडी आणि मातीची भर, आणि दोन्ही बाजूंना बांधणारा आरपार लांब दगड क्वचितच. धक्का बसताच दोन बाजू फाकल्या. वर धाब्यावर दरवर्षी घातलेल्या मातीचे कित्येक टन ओझे, ते खाली आले. पण जेथे छप्पर लाकडी खांब आणि तुळयांवर होते, तेथे पुष्कळ ठिकाणी भिंत पडूनही सांगाडा उभा राहिला. भूकंपानंतर सरकारने जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन केले, ५२ गावे नव्या जागी वसवली आणि इतर गावांतील जुनी घरे पक्की करण्याची रीतही गवंड्यांना शिकवली. भिंतीत ठराविक अंतरावर आरपार भोक पाडून सळई व काँक्रीट भरायचे, दारे-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना एकच काँक्रीटचा पट्टा फिरवायचा, धाब्यावरची माती कमी करायची. काम साधे आहे. जुन्या वाड्यात राहणाऱ्यांनी ते आजही करून घ्यावे.

बाजारपेठेत धोका निराळा आहे. खाली दुकान, समोर पूर्ण शटर, मध्ये भिंत नाही, आणि वर दोन मजले भिंतींनी भरलेले. अशी इमारत खालच्या मजल्यातच कमकुवत असते, कारण वरचे सारे वजन नुसत्या खांबांवर. गुजरातेत २००१ च्या भूकंपात अहमदाबादच्या कितीतरी इमारती अशाच, खालचा मोकळा मजला चिरडून बसल्या. दुकान मोठे करण्यासाठी मधली भिंत काढण्याचा सल्ला कोणी दिला तर आधी अभियंत्याला विचारावे. भूकंपापूर्वी लातूर भाग देशाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या नकाशात किल्लारी परिसर तिसऱ्या पट्ट्यात गेला. त्याआधी बांधलेल्या इमारतींनी तर हे पाहणे फारच जरूरीचे.

दुकानात आणखी एक करता येईल. कापडाच्या गाठी पोटमाळ्यावर न रचता खाली ठेवाव्यात, उंच रॅक भिंतीला पट्टीने आवळावेत, आणि नोकर रात्री दुकानात झोपत असतील तर त्यांचे अंथरूण रॅकपासून दूर असावे. फोनमधील इशाऱ्यासाठी सेटिंगमध्ये सुरक्षा व आणीबाणी या सदरात भूकंप सूचना चालू करावी. इंटरनेट आणि लोकेशन दोन्ही चालू लागतात. रात्री डेटा बंद करून झोपण्याची सवय अनेकांना आहे. त्यांच्या फोनवर इशारा येणार नाही.